पहिली नोकरी: ऑफर लेटरपासून राजीनाम्यापर्यंत, कोणतं काम कधी उरकायचं

मी गेली अकरा वर्षं पगारपत्रकाचं काम करते. दर जून-जुलैत नव्या मुलामुलींची तुकडी रुजू होते आणि ऑगस्टमध्ये माझ्या टेबलापाशी ठरलेले प्रश्न येतात. सांगितला तेवढा पगार का आला नाही, पीएफचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचं, खातं का उघडत नाही, बँक पुन्हा केवायसी, म्हणजे ओळखीचे कागद, का मागते. मुलं हुशार असतात, कामात चुकत नाहीत. चुकतो तो क्रम. आधी करायचं काम मागाहून होतं, आणि दहा मिनिटांत होणाऱ्या दुरुस्तीला सहा महिने लागतात.

माझ्या स्वतःच्या पहिल्या नोकरीतले पीएफचे पैसे मला सव्वादोन वर्षांनी मिळाले. कंपनीने नोंदीत वडिलांचं नाव वेगळं लिहिलं होतं आणि मी ते नोकरी सोडल्यावर पाहिलं. तोवर कार्यालय दुसऱ्या शहरात गेलं होतं, सही करणारं माणूस सापडेना. त्या काळात घरी पैशांची खरोखर गरज होती. म्हणून हा लेख ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने लिहिला आहे. महाराष्ट्रातली खासगी नोकरी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

टप्पा १: ऑफर येण्याआधी नाव आणि जन्मतारीख एक करा

शेवटच्या परीक्षेनंतर निकालाची वाट बघत असता, तो काळ या कामासाठी सर्वांत चांगला.

आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी मांडा. मोबाइलमधल्या फोटोंवर भागवू नका. आता एकेक अक्षर जुळवा. आपल्याकडे घोळ होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दहावीच्या कागदावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. नुसता क्रम उलटा असेल तर निभावतं. पण वडिलांचं नाव शाळेत 'बाळू' लागलं, आधारवर 'बाळासाहेब' झालं आणि पॅनवर नुसतं 'बी' राहिलं, तर संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक आणखी बारीक असतो. 'दीपक' लिहिताना एका कागदावर दोन 'ई' आणि दुसऱ्यावर एक 'आय', एवढ्यावर अर्ज परत येतो.

जन्मतारखेचं तसंच. शाळेत घालताना १ जून लावून टाकलेली कितीतरी मुलं मी पाहते. आधार काढताना घरच्यांनी खरी तारीख सांगितलेली असते. दोन्ही प्रामाणिकपणेच झालेलं असतं, पण जुळत नाही.

कोणता कागद कशाप्रमाणे बदलायचा? माझं मत स्पष्ट आहे: दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा. ते बदलणं सर्वांत अवघड आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच मागतात. त्याप्रमाणे आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन, मग बँक. उलट गेलात, म्हणजे आधी पॅन आणि बँक दुरुस्त करून आधार शेवटी ठेवलंत, तर तेच काम दोनदा करावं लागतं, कारण पॅन आणि बँक दोघंही आधारशी पडताळून पाहतात.

इशारा: आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. अर्ज भरल्यावर पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. स्वतःच्या नावातली चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे, तेही बघा. बऱ्याचदा तो वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर असतो किंवा ज्या दुकानातून अर्ज भरला त्या दुकानदाराचा. पुढची जवळजवळ सगळी कामं आधारच्या ओटीपीवर चालतात, तेव्हा तो तुमच्याच हातातल्या फोनवर यायला हवा. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या.

तपासा: चारही कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे. आधारचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो. पॅन आधारशी जोडलेलं आहे.

टप्पा २: ऑफर लेटरमधल्या आकड्यातून हातात किती येईल ते आधीच काढा

दरवर्षी सर्वांत जास्त हिरमोड इथे होतो. वर्षाला ४,२०,००० ची ऑफर आली की मुलगा घरी सांगतो, महिना ३५,०००. त्यावर खोली ठरते, गाडीचा हप्ता ठरतो. मग पहिला पगार येतो २७,२५८.

कोणी फसवलेलं नसतं. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च. त्यातला बराच भाग तुमच्या बँकेत कधीच येत नाही किंवा उशिरा येतो. हाच आकडा उलगडून दाखवते.

४,२०,००० पैकी ३०,००० 'व्हेरिएबल' म्हणजे कामगिरीवर अवलंबून, वर्षाअखेरीला मिळाले तर मिळाले. राहिले ३,९०,०००, महिना ३२,५००. समजा मूळ पगार, म्हणजे बेसिक, १७,५०० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, २,१०० रुपये. तोही या ३२,५०० मध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे बरीच वर्षं नोकरी केल्यावर सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे, ४.८१ टक्के, साधारण ८४२ रुपये, तेही धरलेले. हे वजा केले की हातात येण्याआधीचा एकूण पगार २९,५५८. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. राहतात २७,२५८.

व्यवसाय कर महाराष्ट्रात महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो, त्यामुळे फेब्रुवारीत पगार शंभराने कमी दिसला तर घाबरू नका. महिलांना महिना २५,००० पर्यंत पगार असेल तर तो लागत नाही. पगार २१,००० च्या आत असेल आणि कंपनी ईएसआयसी या सरकारी कर्मचारी विमा योजनेखाली येत असेल, तर ०.७५ टक्के आणखी कापले जातात. त्या बदल्यात तुम्हाला आणि घरच्यांना औषधोपचार मिळतात, तेव्हा ते कार्ड काढून ठेवाच.

ग्रॅच्युइटीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. ती सीटीसीत दर महिन्याला मोजली जाते, पण कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. दोन वर्षांत सोडणार असाल तर ती रक्कम तुमच्या हिशेबातून काढून टाका. नोकरी ठरावीक मुदतीच्या करारावर असेल तर नियम वेगळा आहे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार तिथे एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क येतो.

आकड्यांनंतर अटी वाचा. तीन अटींवर बोट ठेवून वाचा: नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायचा काळ, किती दिवसांचा, बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का आणि मध्येच सोडलं तर किती पैसे भरायचे, आणि प्रोबेशन, म्हणजे चाचणीचा काळ, कधी संपतो. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आज क्षुल्लक वाटतो. दुसरी कंपनी तीस दिवसांत रुजू व्हा म्हणते, तेव्हा त्याचं ओझं कळतं. समजलं नाही ते ईमेलवर विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर पुढे कामाला येत नाही.

इशारा: नोकरी देण्यासाठी कोणी 'ट्रेनिंग फी', 'लॅपटॉपचं डिपॉझिट' किंवा 'फाइल चार्ज' मागत असेल, तर तिथेच थांबा. भरून बसला असाल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.

टप्पा ३: रुजू होण्याचा आठवडा

पहिल्या दिवशी कागदांचा गठ्ठा समोर येतो आणि मुलं भराभर सह्या करत सुटतात. मागे रांग असते, संकोच वाटतो. तरी सावकाश भरा. आम्हाला घाई असली तरी तुम्ही दोन मिनिटं जास्त घेतलीत म्हणून कोणी परत पाठवत नाही.

सर्वांत महत्त्वाचा कागद पीएफचा फॉर्म ११. त्यात विचारलेलं असतं, 'याआधी भविष्य निर्वाह निधीचे सदस्य होता का?' कॉलेजात असताना सुट्टीत एखाद्या मॉलमध्ये किंवा गोदामात चार महिने काम केलेलं असतं, ठेकेदाराने पीएफ कापलेला असतो आणि मुलाला आठवतही नसतं. तो 'नाही' लिहितो. मग जुनी नोंद एकीकडे, नवी दुसरीकडे आणि जुने पैसे अडकून पडतात. यूएएन हा पीएफ सदस्याचा बारा अंकी क्रमांक जन्मभर एकच असायला हवा, पीएफची खाती त्याखाली कितीही आली तरी चालतात. खात्री नसेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर आधार आणि मोबाइल नंबर देऊन आधीचा यूएएन शोधता येतो.

खरोखर पहिलीच नोकरी असेल तर उमंग या सरकारी अ‍ॅपवर चेहरा पडताळून नवा यूएएन काढता येतो. तो चालू झाला की लगेच आत जा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख वाचा. मी जे सव्वादोन वर्षांनी वाचलं, ते तुम्ही पहिल्या आठवड्यात वाचा. चूक असेल तर कंपनीत तुम्ही रोज दिसत असताना ती दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

तिथेच ई-नॉमिनेशन भरा, म्हणजे तुमच्यामागे पैसे कोणाला मिळावेत त्याचं नाव ऑनलाइन नोंदवा. तरुण वयात कोणी हे भरत नाही, म्हणूनच आग्रहाने सांगते. पीएफच्या सदस्याला ईडीएलआय योजनेतून विमा असतो, त्याचा वेगळा हप्ता तुमच्या पगारातून जात नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. नॉमिनी नसेल तर आईवडिलांना वारस दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि त्यांची त्या वेळची अवस्था काय असेल याचा विचार करा. आणखी एक: लग्नाआधी भरलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं. लग्न झालं की पुन्हा भरा.

इशारा: मूळ गुणपत्रिका कंपनीत ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रती द्या, मूळ कागद त्याच दिवशी घरी आणा.

तपासा: नेमणूकपत्र हातात आहे. यूएएन एकच आहे. त्यातलं नाव आधारप्रमाणे आहे. नॉमिनी भरला आहे. पगाराचा खाते क्रमांक तुम्ही स्वतः अंकन्अंक वाचून दिला आहे.

टप्पा ४: पहिली पे स्लिप वाचा

पगार बँकेत आला की मुलं पे स्लिप उघडतच नाहीत. उघडा. हजर दिवस बरोबर धरलेत का ते आधी बघा. मग पॅन आणि यूएएन. मग प्रत्येक कपात, आणि ती टप्पा २ मध्ये काढलेल्या हिशेबाशी जुळते का. पे स्लिप दर महिन्याला स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. नोकरी सोडली की कंपनीचं पोर्टल त्याच संध्याकाळी बंद होतं, आणि गृहकर्जाच्या वेळी बँक जुन्या स्लिपा मागते.

पे स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, याचा अर्थ तो जमा झाला असा नाही. कंपनीने तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. जुलैचा पीएफ ऑगस्टअखेरीला पासबुकात दिसायला हवा. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळवणारा मेसेज येतो, पण पहिल्या तीन महिन्यांत पासबुकच उघडून बघा.

पासबुकात तीन रकाने असतात: तुमचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शनचा. मूळ पगार १५,००० असेल तर तुमचे १,८०० जातात, आणि कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० पीएफमध्ये. पण तुम्ही पहिल्यांदाच सदस्य होताय आणि मूळ पगार १५,००० च्या वर आहे, तर पेन्शनच्या रकान्यात काहीच यायला नको, कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्येच यायला हवा. इथे पगारपत्रक करणाऱ्यांकडून चूक होते, आमच्याकडूनही झाली आहे. १,२५० चुकून पेन्शनमध्ये गेले, तर पुढे खातं वर्ग करताना अर्ज अडकतो. पहिल्या महिन्यात दाखवून दिलंत तर एका पत्राने काम होतं.

पैसे कापले आणि भरलेच नाहीत असं दिसलं, तर आधी एचआरला ईमेल करा, पंधरा दिवस वाट बघा, मग ईपीएफओच्या ईपीएफआयजीएमएस या पोर्टलवर तक्रार नोंदवा.

टप्पा ५: पहिल्या पगाराचे पैसे कोणत्या क्रमाने बाहेर जातील

बहुतेकांची पद्धत अशी असते: महिनाभर खर्च करायचा, उरले तर बाजूला टाकायचे. उरत नाहीत. मी वर्षानुवर्षं बघते आहे, पगार वाढला तरी उरत नाहीत.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी या क्रमाने पैसे हलवा: घरी द्यायची रक्कम, मग बचत, मग भाडं आणि हप्ते. राहिलं त्यात महिना काढायचा. घरी द्यायची रक्कम ठरावीक ठेवा आणि आईवडिलांशी एकदा बसून बोला. 'लागतील तसे मागा' असं म्हटलंत तर ते मागायला संकोचतात किंवा नेमके तुमचा खिसा रिकामा असताना गरज पडते. २७,२५८ मधून ५,००० घरी आणि ४,००० बचत, ही सुरुवात मला वाजवी वाटते. गावाकडे कर्ज असेल तर प्रमाण बदलेल, क्रम बदलायचा नाही.

बचत दुसऱ्या बँकेतल्या खात्यात ठेवा आणि ते खातं यूपीआयला जोडू नका. चहाचे पैसे देताना ज्या खात्यातून जातात, त्या खात्यात बचत टिकत नाही. तुमचा स्वतःचा तीन महिन्यांचा खर्च तिथे जमेपर्यंत शेअर, म्युच्युअल फंड, सोनं काहीही सुरू करू नका. कार्यालयातले मित्र दुसऱ्याच महिन्यात एसआयपीच्या, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक पैसे टाकण्याच्या, गोष्टी करतील, करू दे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना पहिल्याच आजारपणात ती एसआयपी मोडताना मी पाहिलं आहे.

विम्याची सुरुवात बँकेतूनच करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं आणि जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विम्याचं. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि हप्ता मेअखेरीला खात्यातून कापला जातो. महिन्याच्या शेवटी पगाराचं खातं रिकामं असतं, हप्ता जात नाही, संरक्षण संपतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या खात्यात पाचशे रुपये राहू द्या.

आणि हो, पहिला पगार झाला की एखादे काका किंवा ओळखीचे गृहस्थ पॉलिसीची फाइल घेऊन येतात. नाही म्हणणं जड जातं, हे मला माहीत आहे. कागद घरी वाचायला मागून घ्या. संकोचाने सही झालीच असेल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात.

इशारा, क्रेडिट कार्डाचा: बिलावर 'किमान देय रक्कम' लिहिलेली असते. २०,००० चं बिल, किमान देय १,०००. मुलं हजार भरतात आणि निर्धास्त होतात. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. हजारातले ८२६ तिथेच संपले, कर्ज कमी झालं १७४ रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. पूर्ण बिल भरता येणार नसेल तर कार्ड घरी ठेवा.

दुसरा इशारा, त्याहून गंभीर: 'तुझ्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठव' असं कोणीही सांगितलं, अगदी कॉलेजच्या मित्राने सांगितलं, तरी नाही म्हणा. ते पैसे फसवणुकीतले असतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

टप्पा ६: भाड्याची खोली

इथे एकच सांगते. नोटरी केलेला कागद म्हणजे करार झाला, असा समज पक्का बसला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाड्याने राहण्याचा नेहमीचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. करारात डिपॉझिटची रक्कम आणि ती किती दिवसांत परत मिळेल, हे दोन्ही लिहून घ्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या. राहायला जाण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळांचे, खिडक्यांचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.

टप्पा ७: आयकर

नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२,७५,००० पर्यंत जाते. यावरून मुलं निष्कर्ष काढतात की विवरणपत्र भरायचंच नाही. चूक. एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य आला तरी विवरणपत्र भरावं लागतं. त्याच्या आत असलं तरी भरा. कर्जाला किंवा परदेशी व्हिसाला अर्ज करताना तोच तुमच्या उत्पन्नाचा पुरावा असतो. पगारदारांसाठी शेवटची तारीख एरवी ३१ जुलै असते.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांचं गणित हमखास चुकतं. दोन्ही कंपन्या आपापल्यापुरता हिशेब करतात, दोघीही प्रमाणित वजावट आणि कमी कराचे उत्पन्न-टप्पे पूर्ण धरतात, आणि पगार मोठा असेल तर जुलैत एकदम कर भरायची वेळ येते, व्याजासकट. नव्या कंपनीत रुजू होताना जुन्या नोकरीतल्या उत्पन्नाचं आणि कपातीचं विवरण स्वतःहून द्या. विचारायची वाट बघू नका.

टप्पा ८: नोकरी सोडताना

नवी ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. राजीनामा ईमेलवर द्या, त्यात शेवटचा दिवस तारखेसकट लिहा आणि तो मंजूर झाल्याचं उत्तर जपून ठेवा. रागावून आठ दिवसांत निघून गेलेली मुलं रिलीव्हिंग लेटरसाठी मला वर्षभर फोन करतात. मला वाईट वाटतं, पण माझ्या हातात काही नसतं.

शेवटच्या आठवड्यात हे गोळा करा: सगळ्या पे स्लिपा, टीडीएसचं, म्हणजे पगारातून आधीच कापलेल्या कराचं, प्रमाणपत्र ज्याला आपण फॉर्म १६ म्हणतो, अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर. लॅपटॉप, ओळखपत्र परत केल्याची पोच लेखी घ्या. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'पंचेचाळीस दिवस लागतात' असं सांगितलं गेलं तर या तरतुदीचा शांतपणे ईमेलमध्ये उल्लेख करा. मला असे ईमेल येतात आणि त्या फायली खरोखर लवकर हलतात.

पगाराच्या खात्यात काही महिने पगार आला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होतो. ठेवायचं नसेल तर त्यावरचे हप्ते आणि विमा दुसरीकडे वळवून मगच बंद करा.

पीएफ काढू नका. नव्या कंपनीच्या खात्यात वर्ग करा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र होते, आणि ती ५०,००० च्या वर असेल तर पॅन असूनही १० टक्के टीडीएस कापला जातो. वर्ग केलं तर जुन्या नोकरीची वर्षं पुढे मोजली जातात. त्यासाठी आधी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली असावी लागते. ती भरली नसेल तर शेवटचा पीएफ जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः आधारच्या ओटीपीवर भरू शकता. तारीख भरताना रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा, कारण ती एकदा भरली की स्वतःहून बदलता येत नाही.

तपासा: जुन्या खात्यात सोडल्याची तारीख दिसते. नवं खातं त्याच यूएएनखाली उघडलं आहे. वर्ग करण्याचा अर्ज मंजूर झाल्यावर दोन्ही पासबुकं उघडा. जुन्यात शिल्लक शून्य आणि नव्यात तुमचा व कंपनीचा वाटा व्याजासकट आलेला दिसला, की त्या दोन्ही पानांची प्रत काढून फाइलला लावा.